घाटात व्याही आले

मांजरसुंब्याच्या घाटात त्या रविवारी सकाळी मी रस्त्याकडेच्या शेतात उकिडवा बसलो होतो, हे खरं आहे. माझ्यापासून लांब लांब अंतरावर आणखी तिघे तसेच बसले होते, हेही खरं आहे. पण आम्ही कशासाठी बसलो होतो याबद्दल बीडपासून पाटोद्यापर्यंत जे सांगितलं जातं, ते साफ खोटं आहे. आजही दुकानात पाइप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक भाव विचारायच्या आधी गालातल्या गालात हसतं. मग मीही भाव चढाच सांगतो.

याला जबाबदार एकच माणूस. जनावरांचे सरकारी डॉक्टर, निवृत्त. आता ते नाशिकला मुलाकडे असतात आणि तिथून फोनवर हसतात. इथं होते तोवर आमच्या रविवारच्या सायकल टोळीचे म्होरके तेच. टोळी जमवली मी. पहाटे फोन करून एकेकाला अंथरुणातून उठवायचो मी. पण कुणालाही विचारा, "डॉक्टरांची टोळी" असंच म्हणतील. हे मी सोडून दिलं आहे. म्हणजे सोडून दिलेलं नाही, पण आत्ता तो विषय नाही.

उंच, वाळलेला माणूस. डोक्याला पांढरा रुमाल. सायकल काळी, जुनी, बिनगियरची, दूधवाल्यांची असते तशी. मागच्या कॅरियरला औषधांची पिशवी कायम बांधलेली. नोकरी सुटली, पण पिशवी सुटली नाही. समोरच्या माणसाकडे ते जनावर तपासावं तसं बघायचे, आधी डोळे, मग पाय, मग चाल. घाटात कुणाला धाप लागली की सायकल टाकून यायचे, खालची पापणी ओढून बघायचे आणि गुळाचा खडा तोंडात कोंबायचे. आमच्यात एक दातांचे डॉक्टर होते, त्यांना सगळे दातवाले म्हणत. ते दर रविवारी सांगायचे, "डॉक्टर, गुळानं दात जातात." हे म्हणायचे, "जाऊ द्या, तुमचीच दुकानदारी चालंल."

माझी त्यांची पहिली भेट झाली ती बसस्टँडपाशी, टोळीच्या पहिल्याच रविवारी. मी नवी गियरची सायकल आणली होती. त्या दुकानदाराला अर्धा दिवस घाम फोडून आणली होती, त्यामुळे मान जरा ताठ होती. डॉक्टर जवळ आले, अंगठ्यानं टायर दाबून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"जनावर चांगलं हाय," ते म्हणाले. "धनी तापट दिसतो."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "डॉक्टर, मला तपासू नका. मी बैल न्हाई."

"बैलाला येवढं बोलाय येत न्हाई," ते शांतपणे म्हणाले, "म्हणून तर माझी नोकरी निभली."

त्याच रविवारी परत येताना मला त्यांचा कायदा कळला. घाट उतरत होतो. ज्यानं तो घाट सायकलवर उतरला नाही, त्याला मी काय सांगणार! कानात वारा नुसता घुमतो, डोळ्यांतून पाणी वाहतं, दिवसभर गिऱ्हाइकाशी घासाघीस करून आंबलेलं डोकं क्षणात रिकामं होतं. मी ओरडत उतरायचो, अगदी पोरासारखा. आणि मध्येच टपटप सुरू झालं. रस्ता निसरडा झाला, ब्रेक दाबत उतरायची पाळी आली. मी म्हणालो, "च्यायला या पावसाच्या! वाट लावली रविवारची."

डॉक्टरांनी पाय टेकून सायकल थांबवली. मागचे सगळे थांबले.

"काय म्हणलात, शेठ?"

"पाऊस म्हणलो."

"त्याच्या आदी काय म्हणलात?"

मी ब्रेक चाचपायला लागलो. ते म्हणाले, "बीड जिल्ह्यात ऱ्हाता आन् त्याला नावं ठेवता? एक डाव रुसला तर वर्षं वर्षं तोंड दाखवत न्हाई. मी चारा छावणीवर ड्यूटी केलीय. टँकरचा आवाज आला की दावणीची दावण एकदम उठून उभी ऱ्हायची. टँकर दुसऱ्या गावाला चालला आसला तरी. नुसत्या आवाजाला." एवढं बोलून त्यांनी पायडल मारलं. छावणीबद्दल पुन्हा कधी ते बोलले नाहीत, आम्हीही विचारलं नाही.

तर कायदा असा. सायकलवर असताना त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की शिवी पाठोपाठ येतेच, म्हणून नावच बंद. त्याला म्हणायचं पाव्हणे. पाव्हण्यांना कोण शिव्या देतं? पाव्हणे अवेळी आले तरी हसून "या" म्हणावं लागतं. पुढं त्याच्या जाती लागल्या. बारीक बुरबुर आली तर ते मेव्हणे, म्हणजे येतील, चेष्टा करतील, निघून जातील. लक्ष द्यायचं नाही, पायडल मारत राहायचं. संथ लागून राहिला तर मामा, मुक्कामाला आलेले. ढाबा गाठून भजी मागवायची. वारा आणि विजा घेऊन आले तर ते व्याही. त्यांच्यापुढं शहाणपणा चालत नाही. सायकल आडवी टाकायची, झाड टाळायचं, एकमेकांपासून लांब लांब उकिडवं बसायचं, पाय जुळवून, कानांवर हात ठेवून. आणि गारा आल्या तर जावई. डोकं झाकायचं आणि सोसायचं. "जावयानं कायबी फोडलं तरी त्याला बोलता येत न्हाई," डॉक्टर म्हणायचे.

कायदा मोडणाऱ्यानं पुढच्या रविवारी औषधांची पिशवी वाहायची. ती कुणी जास्त वाहिली असेल ते सांगायला नको.

आता पाव्हणे कधी येणार हे कळायचं कसं? दातवाले मोबाईलमध्ये बघायचे. त्यात ढगाचं चित्र असलं की ऊन पडायचं. डॉक्टरांची रीत वेगळी. गावोगावी त्यांचे म्हसरंवाले, शेळ्यावाले ओळखीचे. पहाटे त्यांना फोन लावायचे, "काय बे, आभाळ कसं हाय?" तिकडून आवाज यायचा, "निवांत हाय साहेब, बिनघोर या." की निघालो. दातवाले मोबाईल पुढं करायला लागले की हे विचारायचे, "ह्याच्याकडं म्हैस हाय का?"

"मोबाईलकडं म्हैस कशी आसंल, डॉक्टर?"

"मग त्याला आभाळाची काय फिकीर?"

सगळ्यांना हे पटायचं. मला नाही पटलं. मी शून्यातून दुकान उभं केलेला माणूस आहे. समोरचा जरा जास्तच गोड बोलायला लागला की मी मालाची खालची बाजू बघतो. नांदूरघाट गावाला गेलो त्या रविवारी ती बाजू मला दिसली. तिथल्या गड्यानं फोनवर सांगितलं, "आभाळ काचंसारखं हाय." आम्ही गेलो आणि गावाच्या अलीकडं जावयांनी आम्हाला असं झोडपलं की हेल्मेटवर डफ वाजत होते. कसेबसे त्या गड्याच्या गोठ्यात शिरलो. आत एक म्हैस पोट फुगून आडवी पडायच्या बेतात उभी. डॉक्टरांनी अंगावरचं पाणीही झटकलं नाही, पिशवी सोडली आणि आम्हाला हुकूम सोडले. मी म्हशीचं शिंग धरलं, दातवाल्यांनी जबडा धरला. "तुमचंच खातं हाय," डॉक्टर त्यांना म्हणाले. तिच्या घशाखाली तेल गेलं, पोट चोळून चोळून हात गळाले, आणि म्हशीनं शेवटी जो ढेकर दिला त्यानं आम्ही सगळे मागे सरकलो. गोठ्यात टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं का बोलू!

पण डोक्यात लख्ख उजेड पडला होता. मी आठवून बघितलं. ज्या ज्या गड्यानं "बिनघोर या" म्हटलं, त्या प्रत्येकाच्या गोठ्यात काही ना काही आजारी निघालं होतं. लोक डॉक्टरांना फुकटात बोलवायला आभाळ साफ करून देत होते! मी तिथंच त्या गड्याला धरलं. "कावून खोटं बोललास बे?"

डॉक्टर मध्ये पडले. "खोटं कुठं बोलला? त्याच्या गोठ्यात बघा वर. हाय का ढग?"

वर पत्रा होता.

त्यांना सगळं माहीत होतं, हे मला त्या दिवशी कळलं. कळून उपयोग काय? पुढच्या रविवारी मीच पहिला बसस्टँडवर हजर होतो.

आता घाटाचं सांगतो. दिवस उन्हाळ्याच्या तोंडाचे होते, अवकाळी आभाळ रोज भरून यायचं आणि कधी बरसेल, कधी नुसतंच गुरगुरून जाईल याचा नेम नव्हता. त्या रविवारी दुपारनंतर माझ्या मुलीला बघायला पाटोद्याकडचे लोक येणार होते. बघायला म्हणजे नावालाच. माझी मुलगी ठिबकची कामं बघते, शेतावर जाऊन नळ्यांचा आराखडा करून देते. पाटोद्याकडं अशाच एका मळ्यात तिची आणि त्या मुलाची ओळख झाली होती. दोघांचं ठरलं होतं. मुलगा मला पसंत होता. प्रश्न होता त्याच्या वडिलांचा. गावात मान असलेला, जुन्या वळणाचा बागायतदार. त्यांचा होकार अजून आला नव्हता. सोयऱ्याचं घर आपण समोर बसून बघणार आणि मगच बोलणार, असा त्यांचा निरोप होता.

मुलीनं आदल्या दिवशी मला समोर बसवलं. "पप्पा, मला हे घर पायजे. तुमी फक्त दोन गोष्टी करा. भाव करू नका आन् चिडू नका."

"मी कुठं चिडतो?"

आतून तिची आई हसली.

सकाळी सायकल चुकवावी असं मनात आलं होतं. पण घरी बसलो असतो तर बैठकीतल्या खुर्च्या इकडून तिकडं करत सगळ्यांवर खेकसलो असतो. मुलगीच म्हणाली, "जाऊन या. घाट चढून आलात की तुमी शांत आसता."

डॉक्टर नेहमीप्रमाणे पुढं निघून गेले. बिनगियरच्या सायकलवर तो माणूस घाट कसा चढायचा, देव जाणे. मी, दातवाले आणि टोळीतले दोघे अर्ध्या घाटात होतो. एका अंगाला ऊन, दुसऱ्या अंगाला आभाळ काळंकुट्ट. फोन वाजला. डॉक्टर वरून मांजरसुंब्याच्या ढाब्यावरून बोलत होते. वाऱ्यात निम्मं ऐकू येत होतं.

"शेठ! व्याही आले!"

"काय?"

"व्याही! मोठ्ठे! आत्ता हितं हायती. सरळ तुमच्याकडंच निघालेत! तयार ऱ्हावा!"

फोन कटला. मी ओरडलो, "व्याही! उतरा! झाडं सोडा!" चौघांनी सायकली आडव्या टाकल्या, नांगरट झालेल्या शेतात धावलो, पांगलो आणि उकिडवे बसलो. पाय जुळवलेले, कानांवर हात, डोळे मिटलेले. काय शिस्त होती! डॉक्टरांनी बघितली असती तर खूश झाले असते.

डॉक्टरांनी बघितली. वरून एक जीप आली. टपावर काळी सायकल बांधलेली, आत डॉक्टर. चालवणारा माझा होणारा जावई, शेजारी पांढऱ्या स्वच्छ कपड्यांतले त्याचे वडील. आभाळाचा रंग बघून ते लोक घरून लवकर निघाले होते आणि चहाला ढाब्यावर थांबले होते. डॉक्टरांनी एके काळी त्यांच्या बैलाचा पाय वाचवला होता. ओळख निघाली, कुठं निघालात ते निघालं, आणि यांनी मला फोन लावला. आयुष्यात पहिल्यांदाच त्या शब्दाचा सरळ अर्थ धरून!

कानांवर हात असल्यामुळे जीप मला ऐकू आली नाही. डोळे उघडले तेव्हा जीप रस्त्यावर उभी होती. लख्ख ऊन पडलं होतं. एक थेंब नाही, एक वीज नाही. आणि माझे व्याही आमच्याकडं पाठ करून, सभ्यपणे दुसरीकडं बघत उभे होते.

"होऊ द्या निवांत," ते डॉक्टरांना म्हणाले. "आमी थांबतो."

माझ्या डोक्यात काय उसळलं ते लिहिता येणार नाही. उठलो आणि ढेकळं तुडवत थेट डॉक्टरांवर गेलो.

"ही काय मस्करी हाय?"

"मस्करी कसली? व्याही आले म्हणून सांगितलं ना!"

"म्हणून तर बसलो ना!" मी ओरडलो. "आग लागो तुमच्या व्याह्यांना! कवा येतील नेम न्हाई, आले की समदं नासवणार, आन् आमी दात दाखवून या म्हणायचं! वैताग आणलाय या व्याह्यांनी!"

दातवाले मागून माझा शर्ट ओढत होते. मी वळलो. पांढऱ्या कपड्यांतला माणूस आता माझ्याकडं तोंड करून उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेष हलत नव्हती.

"चल रे," ते मुलाला म्हणाले. "गाडी वळव."

मुलाचा चेहरा पडला. त्यानं किल्लीला हात लावला नाही. मला माझी मुलगी दिसत होती, कालची, समोर बसलेली. सगळी सोयरीक माझ्या जिभेनं त्या घाटात सांडली होती.

तेव्हा डॉक्टर पुढं झाले. "आण्णा, तुमाला न्हाई हो बोलले ते. ते..." ते अडखळले. मग मान खाली घालून म्हणाले, "पावसाला. पावसाला शिव्या देत होते."

त्यांच्या तोंडून तो शब्द आम्ही कधीच ऐकला नव्हता. दातवाल्यांनी आ वासला. डॉक्टरांनी मग सगळं सांगितलं, पाव्हणे, मेव्हणे, व्याही, उकिडवं का बसायचं, सगळं. मला वाटलं, सुटलो.

माझे व्याही सगळं ऐकून म्हणाले, "मला दिल्या आस्त्या तर चाललं आस्तं. माणसामाणसांत हुतंच. पण पावसाला शिव्या? पाटोद्याच्या माळावर आयुष्य काढलंय मी. पावसाला शिव्या देणाऱ्या घरातली पोर कशी करू?"

डॉक्टरांनी हळूच मान हलवली. पटलं होतं त्यांना! माझ्या बाजूनं आलेला वकील तिकडच्या बाकावर जाऊन बसला होता.

आणि तेवढ्यात खरे आले. वारा आधी आला, धुळीचा लोट घेऊन. मग कडाका असा झाला की सगळे जीपकडं पळाले. कोण कुणाचा सोयरा हे बघायला वेळ नव्हता. पुढं बापलेक, मागं आम्ही पाच जण एकमेकांच्या मांडीवर. काचा वर केल्या आणि टपावर दगड पडावेत तसा आवाज सुरू झाला.

दातवाल्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "जावई आले."

"मी मगाचाच आलोय की," मुलगा पुढून म्हणाला.

कुणी हसलं नाही. जीप नवी होती. पुजेचा हारही अजून पुरता वाळला नव्हता. बॉनेटवर लिंबाएवढी गार आदळली की माझे व्याही दचकत होते. पहिली गार त्यांनी सोसली. पुढच्याही सोसल्या. मग समोरच्या काचेवर एक अशी बसली की या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

"आरं तुझ्या मायला तुझ्या!" माझे व्याही आभाळाकडं बघून गरजले. "गाडी नवी हाय की बे! आक्कल हाय का न्हाई तुला!"

फक्त टपावर तडतड.

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. असं वाक्य की समोरचा पुन्हा मान वर करणार नाही. माझ्या मांडीवर डॉक्टरांची बोटं रुतली. त्यांनी चिमटा काढला नसता तरी मी बोललो नसतो, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो. उभा जन्म सौद्यात गेला आहे माझा. समोरच्याचा तोल गेला की धरायचं नसतं. नुसतं गप्प बसायचं, जमलं तर खिडकीबाहेर बघायचं. मी खिडकीबाहेर बघितलं. डॉक्टरही बघू लागले. दातवाले आपली नखं बघत राहिले.

गारा थांबल्या, नुसत्या धारा उरल्या. पुढून आवाज आला, आता मऊ.

"तोंडातून जातं, न्हाई का?"

मी बाहेरच बघत राहिलो.

"माणूस हाय शेवटी," ते म्हणाले. मग मुलाला म्हणाले, "चल. खालच्या अंगाला घे गाडी. पोरगी वाट बघत आसंल."

मुलानं इतक्या जोरात गिअर टाकला की आम्ही पाचही जण एकमेकांवर कोसळलो.

घरी दारात आमची अख्खी वरात उतरली. मी चिखलानं माखलेला, दातवाल्यांच्या चपला हातात, डॉक्टरांचा रुमाल मानेवर, व्याह्यांच्या पांढऱ्या शर्टावर माझ्या कोपराचा डाग. मुलगी दार उघडून तशीच उभी राहिली. तिनं तडा गेलेली काच बघितली, मुलाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला काही विचारलंच नाही.

"डॉक्टरकाका," ती म्हणाली, "पप्पा चिडले का?"

डॉक्टर पायपुसण्यावर पाय घासत होते. घासतच राहिले. "कोण, शेठ? एक शब्द बोलले न्हाईत."

माझे व्याही खुर्चीत बसता बसता म्हणाले, "लई शांत माणूस हाय."

"लईच," मुलगा म्हणाला.

मुलीनं एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. मग "चहा आणते" म्हणून आत गेली, आणि आतून बराच वेळ चहा काही येईना, नुसतं हसणं येत राहिलं.